संकल्पाचा जोर कशाने वाढतो? बक्षीस, काठिण्य आणि मनाची तयारी

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवला. 'मुलांचं लक्ष लागत नाही, काय करावं?' काहींनी मुलांच्या जागी स्वतःलाच घातलंय. मी आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. उपाय माझ्याकडे नाहीत. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो इतिहास नीट पाहिला की प्रश्न विचारायची पद्धतच थोडी बदलते. माझी बदलली. त्यासाठी मला एक चूक करावी लागली. ती पुढे सांगेन.

आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो. काम समोर आलं, की आपण लक्ष देतो किंवा देत नाही. लक्ष लागावं म्हणून बक्षीस ठेवायचं. बक्षीस जितकं मोठं तितकं लक्ष जास्त. किराणा दुकानातल्या तराजूसारखं, इकडे वजन टाकलं की तिकडचं पारडं वर. गेल्या दीडशे वर्षांत हा तराजू कसा मोडला, ते आज बघू.

सुरुवात हॉलंडमधून करू. युट्रेख्टचे डॉन्डर्स. मूळचे वैद्यक, डोळ्यांचे मोठे तज्ज्ञ. त्यांनी १८६८ साली एक साधी युक्ती मांडली. दिवा लागला की बटण दाबा, याला अमुक वेळ लागतो. दोन दिवे आहेत, त्यातला योग्य ओळखून योग्य हाताने बटण दाबा, याला जास्त वेळ लागतो. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरला तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा वेळ. म्हणजे विचाराला वेळ लागतो आणि तो घड्याळाने मोजता येतो! आज यात काही वाटणार नाही. पण मन ही न मोजता येणारी वस्तू आहे असं कांटपासून मानलं जात होतं, त्या काळात ही मोठी झेप होती.

पुढे १८७९ साली लायप्झिगला वुंट यांची प्रयोगशाळा निघाली. तिथे लुडविग लांगे नावाच्या तरुणाने १८८८ मध्ये एक गंमत दाखवली. आवाज तोच, बटण तेच, माणूस तोच. फक्त एकदा त्याला सांगायचं की तुझं लक्ष येणाऱ्या आवाजाकडे ठेव, आणि दुसऱ्यांदा सांगायचं की लक्ष तुझ्या बोटाच्या हालचालीकडे ठेव. पहिल्या प्रकारात प्रतिक्रियेला सेकंदाचा सुमारे एक दशांश भाग जास्त लागला. बाहेरचं काहीही बदललेलं नाही. बदलली ती तयारी. आवाज होण्याच्या आधीच काहीतरी ठरून गेलेलं असतं.

हे 'आधीच ठरून गेलेलं' काय असतं, हा प्रश्न व्युर्त्सबुर्गच्या लोकांनी उचलला. १८९६ मध्ये क्युल्पे यांनी तिथे प्रयोगशाळा काढली होती. त्यांच्याकडे हेन्री वॉट नावाचा स्कॉटिश विद्यार्थी होता. त्याने काय केलं? समोर एक शब्द दाखवायचा आणि त्याच्याशी ठरावीक नातं असलेला दुसरा शब्द सांगायला लावायचं. 'गुलाब' दिसला तर त्याची जात सांग, म्हणजे 'फूल', किंवा त्याचा भाग सांग, म्हणजे 'पाकळी'. (उदाहरणं माझी आहेत, त्याची जर्मन होती.) मग त्याने या सगळ्या प्रसंगाचे चार तुकडे पाडले. शब्द दिसण्याआधीची तयारी, शब्द दिसणं, उत्तराचा शोध, आणि उत्तर. दर वेळी माणसाने एकाच तुकड्यात मनात काय घडलं तेवढंच सांगायचं.

वॉटची अपेक्षा होती की विचार तिसऱ्या तुकड्यात, म्हणजे शोधात सापडेल. तिथे फारसं काहीच सापडलं नाही. उत्तर आपोआप येत होतं. जे काही इच्छापूर्वक होतं, ते पहिल्याच तुकड्यात होऊन गेलेलं होतं. मनाने 'काम' स्वीकारलं की पुढचा प्रवास त्या कामाच्या उतारावरून आपसूक होतो. जर्मन भाषेत या कामाला 'आउफ्गाबे' म्हणतात. तो शब्द पुढे मानसशास्त्राच्या इतिहासात कायमचा राहिला.

आता नार्सिस आख. हा माणूस आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही. १९०५ साली त्याने संकल्पावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा असा. कागदावर ६ आणि २ हे आकडे दिसले. बेरीज करायचं मनात धरलं असेल तर ८ उमटतो, वजाबाकी धरली असेल तर ४. आकडे तेच आहेत, मग ८ का आणि ४ का? आख म्हणाला, संकल्पातून एक दिशा देणारी प्रवृत्ती तयार होते. ती जाणिवेत असायलाच हवी असं नाही. हे दाखवायला त्याने संमोहनाचाही वापर केला. संमोहित अवस्थेत सांगायचं, नंतर मी तुला दोन आकड्यांची कार्डं दाखवीन, पहिल्यावर बेरीज कर, दुसऱ्यावर वजाबाकी. माणूस जागा झाला, कार्ड दिसलं, आणि तो उत्तर बोलून मोकळा झाला. आपण बेरीज का केली, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं. संकल्प माझा, आणि मलाच ठाऊक नाही? असो, त्या वाटेने गेलो तर आपण रात्री घरी पोचणार नाही.

१९०७ मध्ये आख कोनिग्सबर्गला गेला. कांटचं गाव ते! ज्या गावात मनाचं शास्त्र मोजमापाने होणार नाही असं कांट सांगून गेला, त्याच गावात हा माणूस संकल्पाचा जोर मोजायला बसला. आणि तिथल्या त्याच्या हिलग्रुबर नावाच्या विद्यार्थ्याने १९१२ मध्ये जो प्रयोग छापला, तो माझ्या मते आजच्या विषयाचा कणा आहे.

प्रयोग कंटाळवाणा आहे. मुद्दाम तसा केलेला. समोरून निरर्थक अक्षरगट एकामागून एक जातात. व्यंजन, स्वर, व्यंजन. पहिल्या आणि शेवटच्या व्यंजनाची अदलाबदल करून तो गट मोठ्याने म्हणायचा. बस्स. मग हळूहळू वेग वाढवायचा. हिलग्रुबरला दिसलं, की वेग वाढला, काम अवघड झालं, की माणसाचा जोर वाढतो. कुणी 'आता जोर लाव' म्हणालेलं नसतं. त्याने स्वतः तसं ठरवलेलंही नसतं. काठिण्यच संकल्पाला ओढून वर घेतं. याला त्यांनी प्रेरणेचा काठिण्य-नियम असं नाव दिलं.

हे ऐकायला साधं वाटतं म्हणून आपण आत्ता इथेच एक प्रयोग करू. ७ आणि ५ यांची बेरीज मनात करा. झाली? आता तीच बेरीज पूर्ण ताकद लावून करा. सगळा जोर एकवटून! ...हसू नका, करा. होत नाही ना? १२ आले आणि काम संपलं. जोर लावायला जागाच नाही. आता ३३ गुणिले ४७ करा, तोंडी. बघा, पहिल्या रांगेतल्या एक बाई वर छताकडे बघायला लागल्या, एकाने डोळे मिटले. मी जोर लावा म्हणालो नव्हतो. (उत्तर १५५१. पाच-सहा जणांचं बरोबर आलं, छान.)

म्हणजे बक्षिसाच्या तराजूला पहिला तडा इथे गेला. सोप्या कामाला मी हजार रुपये लावले म्हणून ७ आणि ५ च्या बेरजेत तुम्ही जास्त मन घालू शकत नाही. लक्ष किती द्यायचं हे आधी काम ठरवतं.

दुसरा तडा उंदरांनी पाडला. १९०८ साल, हार्वर्ड. यर्क्स आणि डॉडसन. त्यांचे उंदीर विशिष्ट जातीचे, गोलगोल फिरणारे, 'नाचरे उंदीर' म्हणत त्यांना. समोर दोन खोकी, एक पांढरं, एक काळं. पांढऱ्यात गेला तर ठीक, काळ्यात गेला तर विजेचा झटका. पांढरं कधी डावीकडे, कधी उजवीकडे. रोज दहा वेळा सोडायचं, आणि सलग तीन दिवस एकही चूक झाली नाही की तो शिकला असं धरायचं. संशोधकांना वाटलं होतं, झटका जितका जोरदार तितकं उंदीर लवकर शिकेल. तसं झालं नाही. मधल्या ताकदीचा झटका सगळ्यात उपयोगी ठरला. मग त्यांनी उजेड कमीजास्त करून खोकी ओळखणं सोपं आणि अवघड केलं. सोप्या कामात जोरदार झटका चालला. काम जसजसं अवघड, तसतसा सौम्य झटका जास्त फायद्याचा.

आता याचं पुढे काय झालं ते ऐका, कारण याचा मला खरोखर राग आहे. व्यवस्थापनाच्या शिबिरांमध्ये तुम्हाला एक टेकडीसारखी आकृती दाखवतात. डावीकडे ताण कमी, उजवीकडे जास्त, मध्ये कामगिरी उत्तम. खाली नाव यर्क्स-डॉडसन. वास्तविक मूळ प्रयोग उंदरांचा, शिकण्याचा, आणि शिक्षेचा. ताण, उत्साह, बक्षीस हे शब्द नंतर चिकटवलेले. तेही एक वेळ चालेल. पण त्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट, म्हणजे काम सोपं की अवघड यावर टेकडी सरकते, हीच त्या चित्रातून गळून पडली! एकच टेकडी उरली, सगळ्या कामांसाठी, सगळ्या माणसांसाठी.

माणसांवर, आणि बक्षिसावर, असाच प्रयोग १९६२ मध्ये ग्लुक्सबर्गने केला. कोडं जुनं होतं, बर्लिनच्या कार्ल डुंकरचं. मेणबत्ती, काडेपेटी, आणि खोकंभर टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं, की टाचण्या ओतून रिकामं खोकं भिंतीला टोचायचं आणि त्याची फळी करायची. पण खोक्यात टाचण्या भरलेल्या असल्या की खोकं हे 'ठेवायचं भांडं' म्हणूनच दिसतं. पैशाचं बक्षीस लावल्यावर हे कोडं सोडवायला लोकांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली. आणि खोकं आधीच रिकामं करून शेजारी ठेवलं, म्हणजे वाट उघडी दिसत असली, तर बक्षीसवाले जिंकले. बक्षिसाने लक्ष आवळलं जातं. वाट सरळ असेल तर आवळलेलं लक्ष कामाला येतं. वाट बाजूने असेल तर तेच आड येतं.

कुर्ट लेविनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, पण थोडक्यात. आख म्हणत होता, संकल्प सवयीशी कुस्ती खेळतो. लेविनने तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि म्हणाला, नुसत्या सवयीत जोरच नसतो, मागे गरज असावी लागते. १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली. जर्मन भाषेतलं संकल्पाचं हे सगळं मानसशास्त्र त्यानंतर जवळजवळ अडगळीत गेलं. अमेरिकेत तेव्हा संकल्प हा शब्द उच्चारणंसुद्धा अशास्त्रीय होतं.

१९६६ साली तो प्रश्न डोळ्याच्या बाहुलीतून परत आला. कानेमान आणि बीटी, मिशिगनमध्ये. माणसाला आकडे ऐकवायचे आणि लक्षात ठेवायला सांगायचे. प्रत्येक आकड्याबरोबर बाहुली थोडी मोठी होत जाते. सगळे ऐकून झाल्यावर सर्वांत मोठी. मग तो एकेक आकडा परत सांगू लागला की ती लहान होत जाते. ओझं उतरवल्यासारखी. नंतरच्या प्रयोगांत पैसे कमीजास्त लावून पाहिले, तर बाहुलीवर पैशाचा परिणाम थोडा आणि कामाच्या काठिण्याचा कितीतरी मोठा. १९७३ च्या 'अटेन्शन अँड एफर्ट' या पुस्तकात कानेमानने जवळजवळ हिलग्रुबरचंच म्हणणं मांडलं. किती कष्ट घ्यायचे हे मुख्यतः काम ठरवतं, तुमचा निश्चय नव्हे. आणि एक नोंद करून ठेवा. आकडे फारच झाले, पेलेनासे झाले, की बाहुली मोठी व्हायचं थांबते. माणूस अजून खुर्चीतच बसलेला असतो, समोर बघत असतो. पण आतून तो उठून गेलेला असतो.

मग बक्षिसाचं काय? ते अगदीच निरुपयोगी? इथे जॅक ब्रेम येतो. कॅन्सस विद्यापीठात होता. १९८९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने जी मांडणी केली, ती आखच्या काठिण्य-नियमाचा हात धरूनच. ती मी माझ्या पद्धतीने सांगतो. तुम्ही हापूसची पेटी घ्यायला मंडईत जाता. मनाशी ठरवलेलं असतं, हजाराच्या वर द्यायचे नाहीत. आता व्यापारी आठशे म्हणाला तर तुम्ही आठशेच देता. हजार ठरवले होते म्हणून हजार देत नाही. साडेनऊशे म्हणाला, तर कुरकुरत साडेनऊशे. आणि बाराशे म्हणाला? तर हजार देऊन येता का? नाही. एक रुपयाही न देता परत फिरता.

बक्षीस म्हणजे ते हजार. ते फक्त कमाल मर्यादा ठरवतं. प्रत्यक्षात किती खर्च होईल ते काम ठरवतं. आणि काम मर्यादेपलीकडचं वाटलं की खर्च एकदम शून्यावर येतो. पुढे रेक्स राइट वगैरे मंडळींनी हे रक्तदाबावरून तपासलं. काम अवघड होत जाईल तसा वरचा रक्तदाब चढत जातो, आणि अशक्य वाटलं की खाली येतो. बक्षीस वाढवलं तर हा कडा थोडा पुढे सरकतो. पण कामच अशक्य वाटत असेल, तर बक्षीस वाढवून काही होत नाही.

आता माझी चूक. मी तर्कशास्त्र शिकवायचो. वर्गात एक मुलगा होता, खेड्यातून आलेला, बोलायला हुशार. सोपे प्रश्न चटकन सोडवायचा. सिद्धता द्यायची वेळ आली की पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायचा. मी चिडायचो. एकदा खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, ही सिद्धता आज सोडवशील तर हे तुझे. त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. मी भर वर्गात म्हणालो, "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही." वर्ग हसला. पुढच्या सत्रात त्याने विषय बदलला.

ब्रेमचा लेख माझ्या हातात आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वाचता वाचता मला ती खिडकी दिसली. मी हजाराचे पंधराशे करत होतो, आणि त्याच्या नजरेत पेटीची किंमत दहा हजार होती. ती तेवढी नव्हती. सिद्धतेच्या दोन पायऱ्या मी गाळून शिकवायचो, कारण मला त्या उघड वाटायच्या. त्याच्यासाठी तिथे भिंत होती. पैसे ठेवण्यापेक्षा मी त्या दोन पायऱ्या फळ्यावर लिहायला हव्या होत्या.

तत्त्वज्ञ म्हणून मला इथे जे खुपतं ते हे. बक्षीस दुसरा माणूस ठरवतो. ते टेबलावर दिसतं. काठिण्य मात्र कुठेच ठेवलेलं नसतं. काम सुरू करण्याच्या आधी त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आपल्या मागच्या अनुभवांवर बांधला जातो. म्हणजे वॉटचा तो पहिला तुकडा, तयारीचा. सगळा निकाल तिथे लागतो, आणि तिथे काय चाललंय ते शिक्षकाला दिसत नाही. त्या मुलालाही ते शब्दांत सांगता आलं नसतं. आपण मात्र बाहेरून एकच शब्द वापरतो, आळशी.

भारतातलाच एक प्रयोग सांगतो. एरिएली आणि त्याचे सहकारी मदुराईच्या भागात आले होते. निकाल २००९ मध्ये छापून आले. ८७ माणसं, सहा खेळ. स्मरणाचे, नेम धरण्याचे, जुळवाजुळवीचे. एका गटाला प्रत्येक खेळात जास्तीत जास्त ४ रुपये मिळणार, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ४००. म्हणजे तिसऱ्या गटातला माणूस सगळे खेळ जिंकला तर २४०० रुपये. तिथल्या माणसाच्या सरासरी अर्ध्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम. चारवाले आणि चाळीसवाले साधारण सारखेच खेळले. चारशेवाले सगळ्यात वाईट. आता इथे घाई करू नका. याने ब्रेम खोटा ठरत नाही. ब्रेम जोराबद्दल बोलतो, यशाबद्दल नाही. त्या माणसांनी जोर कमी लावला असं मला वाटत नाही. उलट अर्ध्या वर्षाचं धान्य डोळ्यांसमोर असताना हात थरथरणारच. जोर होता, पण तो चेंडूवर नव्हता, चारशेवर होता.

गेल्या काही वर्षांत हे सगळं मेंदूच्या प्रतिमांमध्ये शोधलं जातंय. त्याचा फार बडेजाव मला पटत नाही, पण एक निष्कर्ष लक्षणीय आहे. मेंदूच्या मध्यभागात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी असतात. बक्षिसाची चाहूल लागली की त्या जाग्या होतात, हे १९९० च्या दशकात शुल्ट्झने माकडांवर दाखवलं होतं. संशोधकांच्या एका गटाने २०११ मध्ये दाखवलं, की बक्षीस अजिबात नसतानाही, 'आता येणारं काम अवघड आहे' एवढी सूचना मिळाली तरी त्या भागात हालचाल वाढते. मला तर हिलग्रुबर आठवला. अक्षरगटांचा वेग वाढतोय, कुणी काही देणार नाहीये, आणि तरी माणूस सावरून बसतोय.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. हे म्हणजे गीतेतलं निष्काम कर्मच का? नाही. गीतेचा प्रश्न फळाशी असलेल्या आसक्तीचा आहे, म्हणजे नैतिक आणि आध्यात्मिक आहे. इथला प्रश्न एका कामाच्या आधीच्या काही सेकंदांचा आहे. मदुराईच्या खेळांनी गीता सिद्ध होत नाही, आणि गीतेला तशी गरजही नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं असं म्हणण्याचा मोह आवरला की दोन्ही जास्त चांगलं वाचता येतं.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे मला माहीत नाही. कदाचित त्याची मुलं ही व्याख्यानं ऐकत असतील, इंटरनेटचं काही सांगता येत नाही. त्याची सिद्धता माझ्याकडे अजून आहे, म्हणजे प्रश्नाचा कागद. मी नंतर त्यावर गाळलेल्या दोन पायऱ्या पेन्सिलने लिहून ठेवल्या. पुढच्या सगळ्या वर्गांना मी त्याच कागदावरून शिकवलं.

थोडं पाणी घेतो, मग प्रश्न घेऊ.